ढिगाचा धाक

पत्त्यांविषयी रविवारच्या पुरवणीत लिहायचे म्हणजे काही घरांतून कपाळाला आठ्या पडणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करतो. आपल्याकडे गणपतीच्या जागरणाला किंवा दिवाळीच्या एखाद्या रात्री तीन पत्ती चालते आणि घरातले ज्येष्ठ तिकडे काणाडोळा करतात. एरवी मराठी मध्यमवर्गाने पत्त्यांना रमी-ब्रिजच्या पुढे फारसे येऊ दिलेले नाही. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि रमी-पोकर चालविणाऱ्या कंपन्यांना पैशांचे डाव गुंडाळावे लागले. त्यानिमित्ताने जुना वाद पुन्हा वर आला. हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते, आणि कंपन्यांचा सारा युक्तिवाद त्याच खुंटीला टांगलेला आहे.

पोकरमध्ये कौशल्य आहे आणि भरपूर आहे, असे माझेही मत आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे : हे कौशल्य चालते कशावर? त्याचे उत्तर हवे असेल तर मोठ्या स्पर्धेचा शेवटचा टप्पा पाहावा. टेबलाभोवती आठ-नऊ जण उरलेले असतात, आणि एकाच्या पुढ्यात इतरांच्या दुप्पट-तिप्पट चिप्सचा ढीग असतो. तो ढीग काय काय करू शकतो, हे समजले की बाकीचे आपोआप उलगडते.

खेळाची ओळख दोन ओळींत करून देतो. प्रत्येकाला दोन पाने झाकलेली मिळतात, पाच पाने मध्ये सगळ्यांची मिळून उघडी पडतात, आणि सातांतून उत्तम पाचांचा हात लावायचा. आपल्या तीन पत्तीतल्या ‘बूट’सारखी एक सक्तीची रक्कम आळीपाळीने भरावी लागते, तिला तिकडे ‘ब्लाइंड’ म्हणतात. स्पर्धेत प्रवेश फी सुरुवातीलाच भरायची. त्या बदल्यात सर्वांना सारख्या चिप्स मिळतात. चिप्स संपल्या की उठायचे. ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातो, त्यामुळे नुसते बसून राहिलेल्याचा ढीगही वाळवी लागल्यासारखा खचत जातो. आणि मुख्य गोष्ट, या चिप्स खिडकीवर नेऊन वटवता येत नाहीत. पैसे मिळतात ते शेवटच्या क्रमांकावरून.

इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. समजा, दहा जणांनी हजार-हजार रुपये भरले आणि प्रत्येकाला हजार चिप्स मिळाल्या. बक्षिसे पाच, तीन आणि दोन हजारांची. आरंभी एका चिपची किंमत एक रुपया. शेवटी विजेत्यापुढे दहा हजार चिप्स, पण हाती पाच हजार रुपये. म्हणजे त्याची चिप आठ आण्यांवर आली. याउलट, चौघे उरले असताना जो शंभर चिप्सवर तग धरून आहे, तो कसाबसा तिसरा आला तर दोन हजार घेऊन जातो. त्याची एकेक चिप वीस रुपयांची ठरली. चलन एकच आणि दर माणसागणिक वेगळा! ढीग वाढतो तशी चिप स्वस्त होते, आटतो तशी महाग. घोड्यांच्या शर्यतीसाठी डेव्हिड हारविल यांनी १९७३ साली मांडलेले संभाव्यतेचे सूत्र पोकरवाल्यांनी पुढे नेमक्या याच हिशेबासाठी उचलले.

आता ते सूत्र चालवून पाहू. चौघे उरले आहेत. एकापुढे साडेपाच हजार चिप्स, दोघांपुढे बावीसशे-बावीसशे, आणि चौथ्यापुढे फक्त शंभर. मोठ्या ढिगाचा मालक आपली पाने न पाहताच सगळ्या चिप्स पुढे सरकवतो. बावीसशेवाल्याने काय करावे? त्याने स्वीकारले आणि जिंकले, तर त्याच्या अपेक्षित कमाईत साधारण सातशे पंधरा रुपयांची भर पडते. हरला तर साधारण तीन हजारांची आशा एका क्षणात शून्यावर येते, कारण जरा थांबला असता तर तो शंभरवाला आधी उठलाच असता. हिशेब मांडला तर शंभरात ऐंशीहून जास्त वेळा जिंकण्याची खात्री असेल, तरच त्याने हात लावावा. कोणत्याही अनोळखी हाताविरुद्ध राण्यांची जोडी शंभरात सुमारे ऐंशी वेळा जिंकते. म्हणजे एवढा सुंदर हात येऊनही शहाणा माणूस इथे पॅक होतो. एक्क्यांची जोडी आली तरच बेधडक पुढे जावे, फार तर बादशहांची. समोरच्याने पाने पाहिलीदेखील नाहीत, हे लक्षात घ्या.

याला दांडगाई म्हणावे की गणित? दोन्ही आहे. तालुक्याच्या गावी शाखा सांभाळताना धान्यबाजारात हाच डाव मी वर्षानुवर्षे पाहिला. हंगामाला भाव पडला की मोठा आडत्या गोदामाला कुलूप लावून स्वस्थ बसे. हातावर पोट असलेल्या फेरीवाल्या खरेदीदाराला त्याचे काही वाटत नसे. आज इथे, उद्या दुसरीकडे. हैराण होई तो मधला. बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा भरत आलेली, मार्चअखेर तोंडावर, मुलीचे लग्न ठरलेले. माल चांगला असूनही तो पडत्या भावाला विके. मोठ्याची अक्कल त्याच्याहून जास्त होती असे मला कधी वाटले नाही. मोठ्याला थांबता येत होते, एवढेच. पोकरच्या टेबलावर मोठ्या ढिगाला थांबताही येते आणि हल्लाही करता येतो, म्हणून तो आडत्याहूनही वरचढ.

लास वेगासमधील ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा ही या खेळाची पंढरी. १९७० पासून ही मालिका भरते, मुख्य स्पर्धेची फी दहा हजार डॉलर. २०१५ साली तिथे ६,४२० जण बसले आणि पहिल्या हजारांना बक्षिसे होती. अखेरच्या नऊ जणांत जो मकीहेन या पेनसिल्व्हेनियाच्या तरुणापुढे ६ कोटी ३१ लाख चिप्स होत्या, म्हणजे टेबलावरच्या एकूण चिप्सचा जवळजवळ तिसरा हिस्सा. दुसऱ्या क्रमांकाच्या झ्वी स्टर्नपुढे त्याच्या निम्म्याही नव्हत्या. मकीहेनने आघाडी शेवटपर्यंत सोडली नाही आणि ७६ लाख ८३ हजार डॉलर जिंकले. यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. चिप्समध्ये दुसरा असलेला स्टर्न पाचवा आला. चौथा असलेला बेल्जियमचा पिएर न्यूव्हील (वय वर्षे ७२, माझ्यासारख्याला त्याचे जरा जास्तच कौतुक) सातवा आला. आणि चिप्समध्ये सातवा असलेला जॉश बेकली दुसऱ्या क्रमांकाचे ४४ लाख ७० हजार डॉलर घेऊन गेला. पानांचा वाटा यात होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. तरी डोंगराच्या सावलीत मधल्या उंचीची झाडे आधी सुकतात, हा या खेळातला नेहमीचा अनुभव आहे.

पण ढीग स्वतः काही करत नाही, हेही तितकेच खरे. त्याआधी सहा वर्षे, २००९ साली, मेरीलँडमधला डार्विन मून नावाचा लाकूडतोडीचा धंदा करणारा गृहस्थ अंतिम टेबलावर ५ कोटी ८९ लाख चिप्स घेऊन आला होता. एकूण चिप्सच्या तीस टक्के. मकीहेनपेक्षा थोडेच कमी. समोर एकवीस वर्षांचा जो केडा. तो एका टप्प्यावर पंचवीस लाखांच्याही खाली गेला होता, म्हणजे जवळजवळ उठलाच होता. टेबलावर स्टीव्ह बेगलायटरही होता, २००८ साली कोसळलेल्या ‘बेअर स्टर्न्स’ या बँकेतला माजी उच्चाधिकारी. राण्यांची जोडी धरून तो मूनशी भिडला. मूनचा एक्का अगदी शेवटच्या पानावर पडला आणि बेगलायटर सहावा होऊन उठला. (आपली बँक बुडताना पाहिलेल्या माणसाला शेवटच्या पानाने काय वाटले असेल, यावर एक कादंबरी होईल.) सात जण उठले, मून आणि केडा दोघेच उरले, तेव्हा मूनपुढे जवळजवळ तेवढ्याच चिप्स होत्या जेवढ्या घेऊन तो आला होता. मुद्दल जागेवर, व्याज शून्य. बाकी सारे केडाने वेचले होते. शेवटच्या डावात मूनची चौकटची राणी-गुलाम आणि केडाची नव्वांची जोडी, नव्वे टिकले. केडा त्या वेळेपर्यंतचा सर्वांत तरुण विजेता ठरला.

मून मला माणूस म्हणून मकीहेनपेक्षा जवळचा वाटतो. पण ढीग हाती असताना तो कोणावर आणि केव्हा टाकायचा, हे वेगळे शास्त्र आहे. दुसऱ्या मोठ्या ढिगाच्या वाटेला जायचे नाही. तिथे आपलीही मान अडकते. अगदी कफल्लकावर दटावणी चालत नाही. ज्याचे जाण्यासारखे काही उरलेले नाही तो कुठल्याही पानांवर भिडतो. उरला तो मधला. आणि या शास्त्रातले एक कलम वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. बक्षिसाच्या उंबरठ्यावर मोठा ढीगवाला कित्येकदा त्या शंभर चिप्सवाल्याला मुद्दाम जगू देतो. त्याला उठवणे सोपे असते, पण तो उठला की इतरांची भीती संपते, बक्षीस पक्के होते, आणि ते मोकळेपणाने खेळू लागतात. तो कफल्लक टेबलावर असेपर्यंत मधले दोघे ‘आधी तो जाऊ दे’ म्हणून पॅक होत राहतात, आणि मोठा प्रत्येक फेरीला त्यांचे ब्लाइंड गोळा करत राहतो. सावकारी पाहिलेल्या माणसाला हे नवे नाही.

आता कायद्याकडे येतो. कौशल्य आहे म्हणून खेळ निर्दोष, हा कंपन्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. लॉटरीत निदान अडाणी आणि पंडित एकाच पायरीवर उभे असतात. जिथे कौशल्य जास्त, तिथे कौशल्य नसलेल्याचे हरणे अधिक निश्चित. वर मांडलेला ऐंशी टक्क्यांचा हिशेब सराईत खेळाडूला तोंडपाठ असतो. नांदेडच्या किंवा सांगलीच्या घरात फोनवर पाचशे रुपये भरून बसलेल्या मुलाला तो ठाऊक नसतो. राणीची जोडी दिसली की तो ‘ऑल-इन’ म्हणतो, आणि हरल्यावर नशिबाला बोल लावतो. नशीब बिचारे त्यात थोडेच होते.

म्हणून बंदी योग्य, असेही मी सरसकट म्हणणार नाही. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. मटक्याचा इतिहास ज्यांनी मुंबईत पाहिला आहे, त्यांना बंदीनंतर खेळ कुठे जातो हे सांगायला नको. हा कायदा फोनवरच्या खेळाचा आहे; गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनो-जहाजांचा कारभार राज्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्याखाली चालत आला आहे. आणि वेगासला जुलै २०२५ मध्ये मायकेल मिझराकी एक कोटी डॉलर जिंकला. त्याचे छायाचित्र जगभर छापून आले. फी भरून बसले होते ९,७३५ जण, आणि त्यांतले बहुतेक रिकाम्या हाताने घरी गेले.