बॉईलचा भाऊ

शाळेत असताना बॉईलचा नियम आपण सगळ्यांनीच घोकलाय. दाब वाढला की आकारमान कमी. तर मंडळी, त्या रॉबर्ट बॉईलला एक थोरला भाऊ होता, रॉजर. दाब वाढला की हा माणूस बाजू बदलायचा!

जन्म १६२१, आयर्लंडमधलं लिस्मोर. वडील १५८८ साली जवळजवळ रिकाम्या खिशाने इंग्लंडहून तिथे गेले आणि जमिनी घेत घेत गडगंज झाले. १६४१ साली आयरिश कॅथलिकांचा उठाव झाला तेव्हा रॉजर राजाच्या झेंड्याखाली लढला. १६४४ पासून पार्लमेंटच्या. १६४९ मध्ये राजाचं मुंडकं उडवल्यावर तो परागंदा युवराजाला मिळायला निघाला, तर लंडनमध्ये क्रॉमवेलनेच गाठलं. आयर्लंडमध्ये माझ्यासाठी लढ, नाहीतर तुरुंगात जा. (ही हकीगत त्याच्याच पाद्र्याची, म्हणजे खाल्ल्या मिठाला जागून सांगितलेली समजावी.) गडी लढला. १६५७ मध्ये क्रॉमवेलने मुकुट घालावा म्हणून खटपट करणाऱ्यांतही हा पुढे. आणि १६६० साली? चार्ल्स दुसऱ्यासाठी आयर्लंड राखून बसलेला! बक्षीस म्हणून ऑररीचा अर्ल झाला.

सरडा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मीही चार कंपन्या बदलल्यात, त्यामुळे बाजू बदलण्याबद्दल मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण मुळात तो बदललाच नाही असं मला वाटतं. बॉईलच्या नियमात एक अट असते ना, तापमान स्थिर हवं? रॉजरच्या बाबतीत जमीन स्थिर होती. इंग्रज प्रोटेस्टंट जमीनदारांच्या ताब्यात ती ठेवेल तो आपला राजा.

याची किंमत इतरांनी मोजली. १६५० साली मॅक्रूमच्या लढाईत रॉसचे बिशप बोएशियस मॅकएगन त्याच्या हाती लागले. कॅरिगाड्रोहिड किल्ल्यातल्या शिबंदीला शरण यायला सांगा, मग सोडतो, असा सौदा. बिशपनी उलट लढत राहायला सांगितलं. रॉजरने त्यांना किल्ल्यासमोरच फाशी दिलं. १६४१ साली आयर्लंडमधली सुमारे ६० टक्के जमीन कॅथलिकांकडे होती, १६८८ पर्यंत ती २० टक्क्यांच्या आसपास आली. 'लवचीक स्वभाव' वगैरे कौतुक वाचताना मला हे आकडे टोचतात.

असो. पुढे त्याने नाटकं लिहिली, युद्धकलेवर ग्रंथ लिहिला, १६७९ मध्ये वारला. रॅथगोगन नावाच्या गावाला त्याने राजाच्या नावावरून चार्लव्हिल नाव दिलं होतं. आयरिश भाषेत त्या गावाला आजही 'अन रा' म्हणतात, म्हणजे गढी.