वाऱ्याचा हिशेब

"मामा, बारा हजार रुपये द्या. अव्वाला सांगू नका."

भाच्याचं हे बोलणं ऐकून मी आधी दचकलोच. ताईचं सासर गोकाकचं, त्यामुळे हा पोरगा घरात कानडी आणि आजोळी मराठी बोलतो. पैसे मागायचे झाले की मराठी जरा जास्तच गोड होते. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये नोकरी करतो. व्यसन काही नाही. आहे ते एकच, जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती. पंधरा वर्षं उलटलेली, पासिंग नव्याने करून घेतलेली. पैसे तिच्यासाठीच हवे होते.

मी मराठी शिकवणारा माणूस. मला कळावं म्हणून त्याने थेट आजीच्या चुलीपासून सुरुवात केली. फुंकणीने फुंकलं की जाळ वाढतो ना, मामा? टर्बो म्हणजे फुंकणी. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. मिनिटाला लाखाच्या वर फेरे! आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं होतं, हेही त्यानेच सांगितलं. (हा पोरगा शाळेत इतिहासाचं पुस्तक उघडत नसे.)

आता अडचण अशी, की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की हवेच्या वाटेतली झडप मिटते. दाबून भरलेली हवा जाणार कुठे? ती उलटी फिरते आणि त्या चाकालाच धडका देते. म्हणून कंपनीने तिथे एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो उघडतो आणि ती हवा टर्बोच्या आधीच्या नळीत गुपचूप परत सोडतो. भाच्याला नेमका हा गुपचूपपणा नको होता. हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला की प्रत्येक गिअरला 'फुस्स' असा दमदार आवाज येतो. सोबत फिल्टरचा डबा काढून शंकूसारखा उघडा फिल्टर, म्हणजे इंजिन 'मोकळा श्वास' घेणार.

पैसे मी दिले. खोटं कशाला सांगू, काँग्रेस रोडवर तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही मजा वाटली. दोनदा काढायला लावला.

पुढच्याच महिन्यात मायलेक एका लग्नाला गोव्याला निघाले. चोर्ला घाट उतरताना गिअर बदलला की गाडी आचके देऊ लागली, पेट्रोलचा वास येऊ लागला. एका वळणावर त्याने क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं. स्टिअरिंग जड झालं. मागे भरलेला ट्रक. हँडब्रेक ओढून त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली. रात्री ताईचा फोन आला, "गाडीला काय केलंय रे त्यानं? तुला काही माहीत आहे?" मी नाही म्हणालो.

परत आल्यावर भाचा मला घेऊन एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेला. त्यांनी बॉनेट उघडलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "लेक्का तप्पैत्री, सर." हिशेब चुकलाय. मग म्हणाले, "गाळी होरग होगबारदरी." मला वाटलं फिल्टरबद्दल, गाळणीबद्दल बोलताहेत. भाचा हसला. मामा, गाळी म्हणजे वारा! वारा बाहेर जाता कामा नये.

या गाडीत फिल्टरच्या पुढे एक सेन्सर असतो. आत किती हवा गेली ते तो मोजतो आणि कॉम्प्युटर तेवढ्याला पुरेल इतकं पेट्रोल सोडतो. आम्ही ती मोजलेली हवा रस्त्यावर फेकत होतो आणि पेट्रोल मात्र पूर्ण हवेचं जात होतं. म्हणून आचके, म्हणून वास, म्हणून प्लगवर काजळी. जास्तीचं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही जाळत जातं. ज्या गाड्या हवा न मोजता नुसता दाब मोजतात, त्यांचं यात एवढं बिघडत नाही. पण ती निराळी गाडी.

आणि तो मोकळा श्वास? कंपनीचा डबा पुढून गार हवा घेतो. हा उघडा फिल्टर इंजिनाच्या शेजारी बसून तापलेली हवा ओढत होता, आणि तापलेली हवा विरळ असते. मेस्त्रींनी नळीच्या आत बोट फिरवून दाखवलं. बोटाला आपली खानापूर रोडची तांबडी धूळ. लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांवर ती धूळ म्हणजे सँडपेपर. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2019 साली सांगितलंय, हेही त्यांनी जाता जाता ऐकवलं. ते भाच्याला आधीच ठाऊक होतं!

जुना व्हॉल्व्ह त्याच्या पलंगाखाली फडक्यात गुंडाळलेला होता. तो बसला, डबा बसला, प्लग नवे घातले. गाडी आता मुकाट चालते.

रविवारी ताईकडे गेलो. तिला सगळं कळलेलं होतं, पोरानेच घाटातून परतल्यावर कानडीत सांगून टाकलं होतं. तिने कुंद्याची बशी पुढे ठेवली. बारा हजारांचं ती काही बोलली नाही. "मागे ट्रक होता रे," एवढंच दोनदा म्हणाली.