चपलेचा दुसरा जोड

मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने तळपायाची संवेदना गेलेल्या रुग्णाला आपण चप्पल देतो. माप घेतो, एमसीआरचा (मायक्रोसेल्युलर रबराचा) तळ लावतो, टाचेमागे पट्टा बसवतो, चार पावले चालून पाहायला सांगतो आणि ‘रोज घालत जा’ असे बजावून घरी पाठवतो. रुग्ण ती घालतोही. बाजारात जाताना, कामावर जाताना, आपल्याकडे तपासणीला येताना ती त्याच्या पायात असते. घरी पोचला की तो ती दाराशी काढतो आणि अनवाणी आत जातो. याला बेफिकिरी म्हणता येणार नाही. बाहेरची चप्पल घरात न आणण्याची रीत आपण सगळेच पाळतो. पण आपण लिहून दिलेले संरक्षण त्या पायाला दिवसातले किती तास मिळते, हा प्रश्न चिठ्ठी लिहिणाऱ्याने आणि चप्पल बनवणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

नेदरलँड्समधील संशोधकांनी हे मोजून पाहिले आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायाची जखम भरून आलेल्या आणि मापाचे बूट मिळालेल्या 107 मधुमेही रुग्णांच्या बुटात त्यांनी छोटा संवेदक बसवला आणि घोट्यावर पावले मोजणारे यंत्र बांधले. घराबाहेरच्या पावलांपैकी सरासरी 87 टक्के पावले बूट घालून पडली होती, घरातली मात्र 61 टक्केच. शिवाय हे रुग्ण बाहेरपेक्षा घरात जास्त चालत होते: बाहेर दिवसाला सरासरी 2,604 पावले, घरात 3,959. हे त्या देशातले चित्र. आपल्याकडे घरातला आकडा किती खाली जाईल, याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या रुग्णांवरून बांधावा.

याच गटाने त्याच वर्षी 171 रुग्णांवरील चाचणीही प्रसिद्ध केली. तळपायावरचा दाब मोजून, तो कमी होईल अशी सुधारणा केलेले बूट एका गटाला दिले, दुसऱ्याला नेहमीचे मापाचे बूट. अठरा महिन्यांनंतर सगळे रुग्ण मिळून पाहिले, तर दोन्ही गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण 80 टक्के किंवा त्याहून जास्त पावले बूट घालूनच टाकणाऱ्यांपुरते पाहिले, तेव्हा पुन्हा जखम होण्याचे प्रमाण नेहमीच्या बुटांत 47.8 टक्के आणि सुधारित बुटांत 25.7 टक्के निघाले. कारागिराचे सगळे कसब वापराच्या तासांवर अवलंबून आहे, हा या आकड्यांचा सरळ अर्थ. भरलेली जखम एका वर्षात सुमारे 40 टक्के रुग्णांत परत येते, हे लक्षात घेतले तर त्या तासांची किंमत कळते.

यामागचे कारण आपल्या क्षेत्राला नवे नाही. वेल्लोरला 1946 मध्ये आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास करून दाखवले, की बोटे-तळवे झिजतात ते रोग मांस खातो म्हणून नव्हे. वेदना नसल्याने त्याच जागेवर पुन्हापुन्हा पडणारा दाब रुग्णाला थांबवत नाही, त्यामुळे ते झिजतात. एकेका पावलाचा दाब मोठा नसतो. घात त्याच्या पुनरावृत्तीत असतो. फरशीवर पडणारे पाऊल आणि डांबरावर पडणारे पाऊल यांत तळपायाच्या हाडाखालच्या मऊ भागाला काही फरक नाही. ओट्यापाशी दोन तास उभे राहणे, रात्री संडासला उठणे, पोछा मारणे, हे सगळे अनवाणी होते. त्यात पलंगाच्या पायाची ठेच, खाली पडलेली सुई, गरम भांड्याचा चटका आणि रात्री उंदराने कुरतडणे (बधिर पायांच्या बाबतीत हे खरेच घडते) अशी घरातली संकटे वेगळीच. उंदरापासून चप्पल वाचवणार नाही. त्याला मच्छरदाणी आणि सकाळची पाहणीच हवी.

म्हणून आमचे म्हणणे असे: संवेदना गेलेल्या प्रत्येक पायासाठी दोन जोड लिहावेत, एक बाहेरचा आणि एक फक्त घरातला. घरातला जोड उंबरठा ओलांडणार नाही, म्हणजे रीतही मोडत नाही. ‘घरातही तीच घाला’ हा सल्ला रुग्ण मान डोलावून ऐकतो आणि पाळत नाही; ‘ही वेगळी, घरातली’ असे सांगून दिलेली वस्तू त्याच्या घरात सामावते. नेदरलँड्समध्येच पुढे घरासाठी वेगळे मापाचे बूट देऊन पाहिले, तेव्हा वापर वाढला आणि वर्षभरानंतरही टिकला.

मात्र घरातला जोड म्हणजे बाजारातली स्लिपर नव्हे. पातळ तळाच्या स्लिपर किंवा नुसते मोजे घालून घरातही चालू नये, असे मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. आतला तळ बाहेरच्या जोडासारखाच हवा. खालचा सोल हलका चालेल, पण ओल्या फरशीवर न घसरणारा आणि काळे डाग न पाडणारा असावा. फरशीवर डाग पडले तर त्या घरात ती चप्पल आठवडाभरही टिकणार नाही. बोटांच्या बेचक्यात जाणारा पट्टा नको: बधिर पायातून अशी चप्पल निसटली तरी कळत नाही, आणि बेचक्यात जखम होते. टाचेमागचा पट्टा ठेवावा. वाकता न येणाऱ्यांसाठी पुढचे वेल्क्रो रुंद आणि सहज उघडणारे असावे. खिळा एकही नको; सोल्युशन आणि शिलाई पुरे. धुता येईल असा माल वापरावा. माप शक्यतो संध्याकाळी, रुग्णाला उभे करून घ्यावे. पाऊल वाकडे झाले असेल, घोट्याचा सांधा ढासळला असेल, तर सपाट एमसीआर पुरत नाही. साच्यावर बनवलेला तळच लागतो. आणि जखम उघडी असेल तर चप्पल हा उपचारच नव्हे. आधी रक्तपुरवठा तपासून दाब काढण्याचे खरे साधन वापरावे लागते.

दोन अडचणी खऱ्या आहेत. पहिली पैशाची. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात बधिर पायांच्या रुग्णांना वर्षाला एमसीआरचे दोन जोड मिळण्याची तरतूद आहे. मधुमेही रुग्ण बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून घेतो, आणि त्याला दुसरा जोड चैन वाटते. घरातला जोड साधा आणि स्वस्त ठेवता येतो, तो तसा ठेवणे ही कार्यशाळेची जबाबदारी. दुसरी अडचण लाजेची. काळ्या रबराची ठरावीक चप्पल पाहून लोक रोग ओळखतात, म्हणून कुष्ठरोगातून बरे झालेले कित्येक जण ती टाळतात. रंग, पट्ट्याची घडण, वरचे कातडे यांत निवड देणे हा नखरा नाही. चप्पल पायात राहते की कोपऱ्यात, हे त्यावर ठरते.

एमसीआर दबते. अंगठ्याने दाबून पाहिल्यावर उसळी घेत नसेल, तर तो तळ मेला समजावा. घरातली चप्पल बाहेरून नवी दिसते, म्हणून ती जास्त फसवते.

तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवा: ‘घरात पायात काय असते?’ पुढच्या प्रत्येक बधिर पायाच्या रुग्णाला हा प्रश्न विचारा, आणि शक्य तर घरातल्या माणसालाही. उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर दुसरा जोड लिहून द्या. पुढच्या भेटीला येताना तो पिशवीतून घेऊन यायला सांगा आणि त्याचा तळ तपासा. झिजलेला दिसला, तर आपला सल्ला पाळला गेला असे समजून नवा तळ बसवून द्या.