पक्षिमित्र संमेलनाहून परतताना

महाराष्ट्रात पक्षिमित्रांची संमेलने भरतात, त्यांत 'महाराष्ट्र पक्षिमित्र'ची राज्यव्यापी संमेलने असतात, तशी विदर्भासारख्या विभागांची स्वतंत्र संमेलनेही असतात. शिक्षक, कारकून, डॉक्टर, महाविद्यालयीन मुले-मुली पदरमोड करून तेथे येतात, सतरंजीवर झोपतात आणि पहाटेच्या थंडीत तलाव गाठतात. आपले काही कार्यकर्तेही तेथे जातात. तेव्हा दुसरे काही सहकारी विचारतात, "माणसांचे प्रश्न सुटलेले नसताना पाखरे मोजण्याचा हा उद्योग कशासाठी?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

त्याचे एक उत्तर गिधाडांनी दिले आहे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली एकही उरू नये इतकी घटली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने ती मरतात, हे २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून पुढे आले आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ साली कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. वर्षानुवर्षे कोणी चिकाटीने गिधाडे मोजली नसती, तर हा ऱ्हास आकड्यांनी सिद्ध झाला नसता आणि औषध कंपन्यांपुढे तक्रारीला पुरावाही उरला नसता. मेलेले जनावर गावाबाहेर सडत पडते, त्याचा उपद्रव गावालाच होतो. तेव्हा मोजणी हा रिकामटेकड्यांचा छंद नव्हे. सामान्य माणसाच्या हाती येऊ शकणारा तो पुरावा आहे.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे आणि तीही आपणच सांगितली पाहिजे. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले, ते सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात माळराने होती, तशी शेकडो गावे, शेते आणि रस्तेही होते. कागदावरील एका रेषेने हजारो शेतकऱ्यांच्या जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली. माळढोक म्हणजे आपल्या वाट्याला आलेला जाच, अशी भावना तेथे रुजली. पुढे क्षेत्र कमी करून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर माळांवर ऊस आणि वस्ती पसरली होती व माळढोक दिसेनासा होत चालला होता. ज्यांच्या माळावर पक्षी नांदत होता त्यांना विचारात न घेता केलेले संरक्षण माणसाच्या उपयोगी पडले नाही, पक्ष्याच्याही नाही.

म्हणून आपल्या कार्यकर्त्याने संमेलनाला कसे जावे, याविषयी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, रिकाम्या हाताने जाऊ नये. निघण्यापूर्वी दोन महिने आपल्या गावचे एखादे तळे किंवा माळ नियमित पाहावा. तारीख, वेळ, पक्ष्यांची संख्या, पाण्याची पातळी आणि भोवतालची पिके एवढे वहीत लिहावे. पक्ष्याचे नाव कळले नाही तर वर्णन लिहावे, आणि गावातील माणूस त्याला कोणत्या नावाने हाक मारतो तेही लिहावे. मारुती चितमपल्ली यांनी वनवासी, कोळी, पारधी यांच्या तोंडची नावे आस्थेने टिपली, ती वाट आपल्यालाही मोकळी आहे. अशी वही जवळ असली की तज्ज्ञाला विचारायला नेमका प्रश्न सापडतो. नाहीतर व्यासपीठावरील चित्रे पाहून डोळे निवतात आणि हाती काही राहत नाही.

दुसरी गोष्ट, पहाटेच्या फेरीत दुर्मिळ पक्ष्यामागे धावू नये. एका संमेलनात चाळीस दुर्बिणी तळ्याच्या पलीकडील काठावर रोखलेल्या मी पाहिल्या. अलीकडच्या काठावर जाळे सोडवीत बसलेल्या माणसाकडे कोणी पाहिले नाही. शेवटी एका मुलीने त्याच्याशी बोलणे काढले. पाणी कोणत्या महिन्यात सोडले जाते आणि त्याने काठावरची घरटी कशी बुडतात, हे त्याने तिला पाच मिनिटांत सांगितले. त्या दिवसाच्या एकाही भाषणात हे आले नव्हते. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांत बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावणारे ढिवर बांधव, आणि धानाच्या बांधीत सारसाचे घरटे राखणारे शेतकरी, हे खरे तर अशा संमेलनांचे वक्ते होत. ते व्यासपीठावर का नाहीत, हा प्रश्न सौम्यपणे पण आग्रहाने आयोजकांना विचारावा.

तिसरी गोष्ट ठरावांची. ठरावांचा अनुभव आपल्याला कमी नाही. टाळ्यांच्या गजरात संमत झालेले किती ठराव पुढे कपाटात निजले, हे आपण जाणतो. म्हणून खुल्या अधिवेशनात एवढेच विचारावे : हे काम कोणी करावयाचे, आणि कोणत्या तारखेपर्यंत? ज्याला कर्ता आणि मुदत नाही तो ठराव म्हणजे केवळ सदिच्छा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परतल्यावर आठ दिवसांच्या आत गावात बैठक घ्यावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असे ठरविले आहे, आणि गावाने आपली लोक जैवविविधता नोंदवही करावयाची आहे. ती वही आपल्या ग्रामपंचायतीत कोठे आहे आणि कोणी लिहिली, हे विचारावे. केवळ खानापूर्तीसाठी ती भरली असेल तर गुराखी, कोळी, शेतमजूर स्त्रिया यांना बसवून ती नव्याने लिहावी. उद्या तळ्यावर भराव पडू लागला, तर हीच वही गावाच्या बाजूने बोलेल.

संमेलनाहून येताना पक्ष्यांची लांबलचक यादी आणली नाही तरी चालेल. ज्यांच्या अंगणात ते पक्षी उतरतात त्या माणसांची ओळख आणि एक ठरलेले काम घेऊन यावे. मग "पाखरे कशाला मोजता?" असे विचारणाऱ्या सहकाऱ्याला उत्तर द्यावे लागणार नाही. त्यालाच दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर घेऊन जावे.