आपला तृतीयांश
वडोदरा शहरात मिसळलेल्या गोत्रीत मराठी पुस्तके सहज मिळत नाहीत, सरकार काय करते, अशी फिर्याद आपल्या समाजात नित्य ऐकू येते. परंतु फिर्यादीचे हातही स्वच्छ हवेत.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण केले. राज्यभर ग्रंथालये उभी राहिली. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी विनामूल्य फिरू लागल्या. गावच्या वाचनालयास मात्र अट होती: एक तृतीयांश रक्कम गावकऱ्यांनी जमवावी, तेव्हाच सरकार व प्रांत पंचायत आपापला तृतीयांश देतील. राजा संपन्न होता, तरी गावाचा वाटा माफ नव्हता. मर्म उघड आहे: ज्यात आपली दमडी नाही, त्याची आपणांस काळजी नसते.

मंदिराच्या जीर्णोद्धारास आपण सढळ हाताने देतो, ते योग्यच. मग सभामंडपालगतच्या खोलीत रोज सायंकाळी दोन तास ग्रंथ मांडण्यास पैसा नाही, हे कोणत्या तोंडाने सांगावे? मोबाइलवर सारे मिळते, हा बचाव लंगडा आहे. नातवाशेजारी वाचत बसलेले आजोबा तेथे मिळत नाहीत. वार्षिक सत्कार आणि हारतुरे म्हणजेही वाचनालय नव्हे. दार मात्र सर्व जातिधर्मांच्या वाचकांस उघडे असावे.

वाचकहो, आधी आपला तृतीयांश पुढे ठेवा. मग सरकारकडे बोट दाखवा.