तीन दिवस पायी

मैत्रिणींनो, आमच्या गटातल्या सात जणी तीन दिवस पायी मेळघाटात फिरलो. निघताना घरोघरी एकच सूर, ‘बायकांना झेपणार नाही.’ झेपलं! गाविलगडाच्या रांगेतले चढ, सागाचं रान, पायांना फोड. पण एकीला दुसऱ्या दिवशी ताप भरला, तर ती एस.टी.ने परतवाड्याला परतली. कोणी जाब विचारला नाही.

तिथंच हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण आठवल्या. २५ मार्च २०२१ ला त्यांनी आत्महत्या केली. गरोदर असल्याचं माहीत असूनही वरिष्ठानं तीन दिवस जंगलात पायी फिरवलं, त्यात गर्भपात झाला, असा आरोप त्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठीत होता. गुन्हा नोंदला गेला, अटक झाली.

तेव्हा ‘बाईनं जंगलातली नोकरी करूच नये’ म्हणणारे शहाणे आपल्याही घरांत निघाले. मला हे साफ नामंजूर आहे. दीपालीताईंना जंगल झेपत होतंच. त्यांना ‘आज नाही’ म्हणायची सोय नव्हती.

आणि कायदा? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानं कष्टाचं काम नाकारण्याची मुभा दिली ती बाळंतपणाआधीच्या जेमतेम अडीच महिन्यांपुरती. गर्भपाताचा धोका तर सुरुवातीच्या महिन्यांत जास्त! (मोळी डोक्यावर घेऊन घाट चढणाऱ्या कोरकू बाईला तेवढीही मुभा नाही.) पहिल्या महिन्यापासून नकाराचा हक्क, आणि तक्रार ऐकायला त्याच साहेबाच्या साखळीबाहेरचं माणूस, या दोन मागण्या वनखात्यापुढे आपण मांडायला हव्यात. पुढच्या बैठकीत मसुदा करू.