वाद्यवृंदाचा दौरा यवतमाळपर्यंत यावा

2006 साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेंगालियेव्ह यांच्या पुढाकाराने ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन झाला, तेव्हा आपल्याकडे सिम्फनीच्या कलेचा श्रीगणेशाच झाला असे मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, की मेहली मेहता यांनी 1935 मध्येच बॉम्बे सिम्फनी उभी केली होती, आणि गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी गिरवून आलेल्या वादकांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीताचा मोठा भार आपल्या व्हायोलिनांवर पेलला. त्यांपैकीच अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये लता मंगेशकर व मन्ना डे यांना घेऊन भारतीय सिम्फनीचा प्रयोग केला. तो टिकला नाही, कारण अशा उपक्रमास गुणांइतकाच खजिनाही लागतो.

क्लॅरिनेट आम्हां यवतमाळकरांस परके नाही. लग्नसराईत बँडवाला वरातीपुढे उभा राहून ओठांनी पट्टी ओली करतो, दोन सूर फुंकून पाहतो, आणि ढोलाच्या गदारोळात त्याची सारी नजाकत बुडून जाते. तेच वाद्य ध्वनिवर्धकावाचून, शिस्तबद्ध मेळ्यात कसे बोलते हे ऐकण्यास मात्र मुंबई गाठावी लागते. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने 2019 मध्ये ब्रिटनचा दौरा केला याचा अभिमान वाटतो, तसा किंचित मत्सरही. सबंध ताफा नको. चार तंतुवादक आणि एक क्लॅरिनेटवाला एवढेच पथक एनसीपीएने यवतमाळास पाठवावे, सभागृहाची तजवीज जिल्हा प्रशासनाने करावी, आणि पहिल्या रांगेतील खुर्च्या हुद्देदारांसाठी न राखता आमच्या बँडवाल्यांना द्याव्यात.